खाणीतल्या सायकलचं साल

सायकलच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. घरात बायकोचं ऐकतो, सोसायटीत सेक्रेटरीचं ऐकतो, शुगरच्या डॉक्टरचंही अधूनमधून ऐकतो. पण जुनी सायकल समोर आली की तिचं साल मी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असा गेल्या बारा वर्षांचा रिवाज आहे. एकतीस वर्षं चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूममध्ये काढली. निवृत्त झालो तेव्हा दुपारभर घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढायला लागलो, म्हणून तिनंच मला बाहेर काढलं. मग काळेवाडीत पत्र्याची एक शेड घेतली आणि भंगारवाल्यांकडून जुन्या सायकली आणून उभ्या करायला लागलो. संत तुकाराम नगरहून सकाळी नऊला निघायचं, संध्याकाळी सहाला परत. कंपनीच चालू आहे म्हणा ना.

लोक व्हॉट्सॅपवर फोटो पाठवतात. ज्योतीराम काका, साल सांगा. मी सीटखालच्या जोडाचा फोटो मागवतो, पायडलच्या आसाचं नळकांडं खालून दाखवा म्हणतो, पुढच्या चिमट्याचा खांदा बघतो, पंप अडकवायची बोंडं आहेत का बघतो. मग साल सांगतो. आजवर एकाही सालावर कुणी बोट ठेवलेलं नाही. ही शेखी मी मिरवत आलो, आणि तिचं काय झालं तेच सांगायला बसलोय.

जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, पुनावळ्याचा कुलदीप शेडवर आला. पस्तिशीचा, जमिनीच्या व्यवहारातला, हातात दोन फोन, पण बोलायला मऊ. मागं पिकअप उभी होती. तिच्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, आणि पुढच्या सीटवर एक म्हातारी.

"काका, एका सायकलचं साल काढून पाहिजे," तो म्हणाला. "जरा घाई आहे."

गोष्ट अशी होती. पुनावळ्याच्या शिवेला एक जुनी दगडखाण आहे. दगड काढणं बंद होऊन जमाना झाला, मग तिच्यात पाणी साठलं, गावच्या बायका कडेला बसून धुणी धुवायला लागल्या. आता ती जागा एका बिल्डरकडे गेली होती. शेजारी टॉवर, आणि पाणी उपसून खाण बुजवून तिच्यावर टॉवरवाल्यांसाठी बाग. भरावाचे डंपर कुलदीपचे. निम्मं पाणी उपसल्यावर एका कपारीत चिखलात रुतलेली सायकल सापडली. आणि कुलदीपचे थोरले चुलते दौलतराव त्र्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात सेकंड शिफ्टला गेले, ते परत आलेच नव्हते, त्यांची सायकलही सापडली नव्हती. कंपनीतून घरी यायची वाट त्याच खाणीच्या काठानं होती.

"त्या वेळी कुणी खाणीत बघितलं नाही?" मी विचारलं.

"गळ टाकले होते म्हणे. पण चाळीस फूट पाणी. काही लागलं नाही. मग कुणीतरी उठवलं की त्यांना गुजरातेत वापीला बघितलं, म्हणून शोध थांबला." त्यानं पिकअपकडे बघून आवाज खाली घेतला. "सायकल त्यांची निघाली तर मी पंप चालू ठेवतो. तळापर्यंत उपसू, फायर ब्रिगेडला बोलवू, पोलिसांना कळवू. हाडं तरी हाती लागतील. नसेल तर सोमवारपासून भराव. बिल्डर रोज फोन करतोय."

तोवर म्हातारी उतरून आली होती. मंजुळाबाई, दौलतरावांची बायको. सत्तरीच्या आसपासची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "गावात म्हंत्यात ह्यांनी वापीला दुसरा संसार थाटला. चाळीस वरसं मी टाकल्याली बाई म्हणून ऱ्हायले. दिराच्या घरात, दिराच्या पोरांचं करीत. ही सायकल त्यांची असंल तर त्ये घरीच येत हुते. एवढंच बघा."

"पण आक्का, त्यांची असेल तर ते..." मी म्हणायला लागलो.

"मेले असतील तर मेले. पन घरी येत हुते ना!"

मी मान हलवली, पण खरं सांगतो, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, म्हातारी बोलतेय तसं, आतून तिला तो जिवंत असल्याचंच ऐकायचं असणार. कुठल्या बाईला नको असेल?

गोणपाट सोडलं. चाकं कुजून गेलेली, सीट नाही, पण फ्रेम चिखलात दबून राहिल्यामुळं बरीच शाबूत. पुढच्या नळीवर पितळी बिल्ल्याचा अर्धा तुकडा होता, त्यावरून मी तत्काळ ओळखलं. नवज्योत. ही कंपनी केव्हाच बंद पडली, पण तिच्या नंबरांचा हिशोब मला तोंडपाठ. एक्याऐंशीपर्यंत ते नंबर खाली, पायडलच्या नळकांड्यावर ठोकायचे, आधी सालाचं अक्षर आणि मग आकडे. ब्याऐंशीपासून नंबर वर आला, सीटखालच्या जोडावर, आणि शेवटचे दोन आकडे सालाचे. दोन्हीकडे नंबर असलेली नवज्योत मी आजवर पाहिलेली नव्हती.

मंजुळाबाई वाकून फ्रेमवरून हात फिरवत होत्या. "ह्यो दांडा जरा असा वाकल्याला..."

"आक्का, त्या काळात सगळ्यांच्या सायकली काळ्याच आणि सगळ्यांचे दांडे वाकलेलेच," मी म्हणालो. "तुम्ही बसा. लोखंड काय ते सांगेल."

त्या बसल्या.

सीटखालचा जोड मी रॉकेलनं भिजवला, तारेच्या ब्रशनं घासला, भिंग लावलं. आकडे उमटले. चार, दोन, आठ, सहा. जरा वेडेवाकडे होते, आठ तर कलंडलेला, पण इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लोखंड आहे, मी म्हणालो, खाल्लं असेल. शेवटी शहाऐंशी. खालच्या नळकांड्यावर चुनखडीचा बोटभर थर चढला होता. तो काढायला अर्धा तास लागला असता आणि वर नंबर असताना खाली काही असणार नाही हे मला माहीत होतं. मी तो काढला नाही. चिमट्याचा खांदा मात्र जुन्या पद्धतीचा, पंपाची बोंडंही होती, जी नंतरच्या नवज्योतला नसतात. ते पाहिलं मी. पाहिलं आणि म्हणालो, दुरुस्तीवाल्यानं जुना चिमटा बसवला असेल. बोंडांचं काय, ते मी स्वतःला विचारलंच नाही.

"शहाऐंशी," मी हात पुसत सांगितलं. "तुमचे चुलते गेल्यावर तीन वर्षांनी बनलेली. ही त्यांची नाही."

कुलदीपनं मोठा श्वास सोडला. सुटला, असं मला वाटलं, आणि त्यात मला त्याचं काही वावगं वाटलं नाही. मंजुळाबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजी गेलेच म्हना टाकून."

"अहो, असं काय बोलता? अजून जिवंत असतील कुठं तरी."

"कुनासाठी?" त्या म्हणाल्या, आणि उठून पिकअपकडे गेल्या.

मला राग आला. चांगली बातमी दिली तर ही तऱ्हा! कुलदीपनं बिल्डरला दाखवायला लिहून मागितलं. मी माझ्या पॅडवर झोकात लिहून दिलं, सायकलचं साल एकोणीसशे शहाऐंशी, खाली सही, तारीख. फ्रेम तुमच्याकडेच ठेवा, असं तो म्हणाला. मी ती शेडच्या मागं भिंतीला लावून ठेवली आणि संक्रांतीला शेजाऱ्यांना तिळगूळ देताना हा किस्सा रंगवून सांगितला. म्हातारी रडून गळ घालत होती, पण आपण भावनेला भुलून साल बदलत नाही, वगैरे. म्हातारी रडली नव्हती. ते मी पदरचं घातलं.

पाडवा झाल्यावर एका गिऱ्हाईकाच्या नवज्योतला पायडलच्या आसाची वाटी लागत होती. ती आता कुठं मिळत नाही. मला शेडमागच्या त्या फ्रेमची आठवण झाली. नळकांडं गरम केलं, डिझेल सोडलं, लाकडी हातोडीनं ठोकलं. चुनखडीचा थर एका तुकड्यात गळून खाली पडला. खाली लोखंड जवळजवळ नव्यासारखं होतं आणि त्यावर एका रेषेत, एका उंचीचे, कंपनीच्या साच्यातून आलेले आकडे. आधी 'के', मग पाच आकडे.

के म्हणजे ऐंशी साल.

मी स्टूल ओढून बसलो. ऐंशीत बनलेली सायकल त्र्याऐंशीत तीन वर्षांची होते. जुना चिमटा तिचा स्वतःचा होता. बोंडं तिची स्वतःची होती. मग वरचे आकडे कुणाचे? फ्रेम उलटी करून मी पुन्हा भिंग लावलं, आणि तो कलंडलेला आठ मी ओळखला.

कंपनीत आमच्या स्टँडवर पाचशे काळ्या सायकली लागायच्या. शिफ्ट सुटली की घाईत कुणी कुणाचीही घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी भांडणं. म्हणून लोक टूलरूमच्या खिडकीशी यायचे. राव, माझा हजेरीचा टोकन नंबर मार की सीटखाली. एका चहावर आम्ही नंबराचे पंच काढायचो आणि हातोडीनं एकेक आकडा ठोकून द्यायचो. हाताचं काम ते, एका रेषेत कधी यायचं नाही. गोल नळीवर आठ तर हमखास कलंडायचा. मी स्वतः दोनशे तरी सायकलींवर ठोकले असतील. मी! दौलतराव दुसऱ्या कंपनीत होते, पण टूलरूम काय तिथं नव्हती? उभ्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा नंबर ओळखायला माझ्याइतका लायक माणूस नव्हता आणि मी त्याला साल म्हणालो.

एकच आशा होती. टोकन दुसऱ्याच कुणाचं असेल. काठावरून कुणाचीही सायकल आत गेली असेल. ते विचारायला मी स्कूटर काढून पुनावळ्याला गेलो. वाटेत खाणीकडे बघायचं धाडस झालं नाही.

कुलदीपच्या बंगल्याच्या मागं मंजुळाबाईंची खोली. त्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मला पाहून पदर सावरला. कपाळ मोकळं होतं.

"या भाऊ. आत बसा."

"बसत नाही, आक्का. एक विचारायला आलोय." मी म्हणालो. "दौलतरावांचा कंपनीतला टोकन नंबर तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी लसणाची पाकळीसुद्धा खाली ठेवली नाही.

"बेचाळीस श्याऐंशी. गेटावर नाव सांगितलं तर कुनी वळखत न्हाई म्हनायचे. कदी काय निरोप द्यायची येळ आली तर नंबर सांग. मला लिवता येत न्हाई म्हणून पाठ करून घेतलावता माज्याकडनं." मग त्यांचा हात थांबला. "का वो?"

त्या दिवशी शेडवर त्यांना एकच प्रश्न विचारला असता, एकच, तर त्यांनी हे असंच सांगितलं असतं. मी त्यांना बसायला सांगितलं होतं.

मी सगळं बोलून टाकलं. उंबऱ्यात उभा राहून, त्यांच्या तोंडाकडे न बघता. वरचा नंबर कुणाचा, खालचा कुणाचा, मी खाली का बघितलं नाही. माझी चूक झाली हे वाक्य मी किती वर्षांत उच्चारलं नव्हतं कुणास ठाऊक, ते त्या दुपारी तीनदा म्हणालो. मला स्वतःची किळस वाटत होती.

त्यांनी हातातली पाकळी सुपात टाकली.

"म्हंजी घरीच येत हुते," त्या म्हणाल्या.

"हो, आक्का."

"शिफ्ट सुटल्यावर."

"हो."

"मी त्या दिशी तुमच्याकडनं आले अन् कुकू पुसलं, भाऊ. रागानं. ज्यानं टाकलं त्याच्या नावाचं कशाला लावू म्हनलं. चाळीस वरसं शिव्या दिल्या न्हाईत, त्या ह्या दोन म्हयन्यांत दिल्या." त्यांनी सुपातला लसूण तसाच ठेवून सूप बाजूला सारलं. "चला."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? खानीवर."

मी कुलदीपला फोन केला. तो साइटवरच होता. आम्ही पोचलो तेव्हा गेटवरच्या वॉचमननं वही पुढं केली, फ्लॅट बघायला आलात का म्हणाला. कुलदीप धावत आला आणि आम्हाला आत घेतलं. मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं तेव्हा तो मटकन पाइपांच्या ढिगावर बसला. तो रडेल की मला मारेल, काही कळेना. मारलं असतं तरी चाललं असतं.

"काका, तुम्ही लिहून दिलं होतं," तो म्हणाला.

"उकरता येईल का?"

"चाळीस फूट भराव आहे. रोलर फिरलाय. मी कुणाला सांगू उकरायला? बिल्डरला? उद्या वकील उभा करेल तो." मग त्यानं खिशातून एक फोन काढला, नुसताच हातात धरला आणि पुन्हा आत ठेवला. "करतो काहीतरी," असं म्हणाला, पण ते त्याला स्वतःलाही खरं वाटत नसावं.

खाण म्हणून तिथं काही उरलंच नव्हतं. सपाट मैदान, त्यावर लालसर माती, हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरायला काढून ठेवलेल्या, काठीला बांधलेली रोपं, मधोमध कारंज्यासाठी गोल खड्डा. कडेचा दगडी कातळ दिसत नव्हता, धुण्याचे दगड दिसत नव्हते. मंजुळाबाई मैदानाच्या कडेला उभ्या राहून इकडून तिकडं नजर फिरवत होत्या. ज्या पाण्याच्या काठावर पंधरा-वीस वर्षं धुणी धुतली ती जागा त्यांना ओळखू येत नव्हती.

"सायकल कुठं घावली, कुलदीप?"

कुलदीपनं दोन पावलं पुढं टाकली, मागं आला, हात अर्धवट उचलला आणि खाली घेतला. "थोरल्या आई, आता कळत नाही गं. खुणा गेल्या सगळ्या."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी त्या खाणीत कधी डोकावलोसुद्धा नव्हतो. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आता विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

"तुमी सांगा, भाऊ. कुठं असतील?"

मी बोट उचललं. कारंज्याच्या खड्ड्यापासून वीसेक पावलांवर बहाव्याचं एक रोप होतं. त्याच्या अलीकडची जागा दाखवली. त्या तिकडे चालत गेल्या. चपला आधीच काढल्या होत्या. तिथं थांबून त्यांनी पायाखालची माती पाहिली आणि मागं वळून मला विचारलं,

"तोंड कुनीकडं असंल त्यांचं?"

मी म्हणालो, "घराकडं, आक्का."

त्यांनी गावाच्या दिशेला एकदा बघून घेतलं. मग त्याच दिशेनं दोन पावलं गेल्या, वळल्या आणि गावाकडे पाठ करून, त्या जागेकडे तोंड करून मातीत बसल्या, म्हणजे ते येताना समोर दिसावेत. वॉचमन लांबून हाका मारत होता, तिथं बसायचं नाही म्हणत होता. कुलदीपनं त्याला हातानंच गप्प केलं. मी चपला काढून जागच्या जागी उभा राहिलो. मंजुळाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ऊन उतरलं तरी त्या उठल्या नाहीत.